कामाच्या पद्धती लिहिण्याची प्रत्यक्ष कार्यशाळा कशी आखावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यात, गोदामात किंवा कार्यालयात रोज होणारे काम कागदावर कसे उतरवावे हे शिकवणारी कार्यशाळा घेण्याचे ज्यांच्याकडे येते, त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. भोसरी, चाकण, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींतील लहान आणि मध्यम कारखान्यांसाठी अशा कार्यशाळा घेताना जे अनुभवाला आले, त्याच्या आधारे ही उत्तरे लिहिली आहेत. गुणवत्ता विभागातील अधिकारी, मनुष्यबळ विभाग आणि प्रशिक्षक हे त्यांचे अपेक्षित वाचक आहेत.

या कार्यशाळेतून नेमके काय हाती यावे?

प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या स्वतःच्या कामाचा एक लेखी मसुदा, जो दुसऱ्या कोणीतरी त्याच दिवशी वापरून पाहिलेला आहे. एवढेच. सहभागींना ‘दस्तऐवजीकरणाचे महत्त्व’ पटले, त्यांना फ्लोचार्टमधील चिन्हे ओळखता आली, किंवा त्यांनी अभिप्रायाच्या कागदावर ‘उत्तम’ असे लिहिले, यांपैकी काहीही या कार्यशाळेचे फलित मानू नये. हे आधी ठरले की पुढची बरीचशी आखणी आपोआप होते, कारण मसुदा लिहायला किती वेळ लागेल आणि तो वापरून पाहायला किती, हे मोजता येते, आणि उरलेल्या वेळातच प्रशिक्षकाने बोलायचे असते.

धोरण, कार्यपद्धती, कामाची सूचना आणि नमुना यांत फरक काय? तो समजावण्यात किती वेळ द्यावा?

दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. ‘तपासणी झाल्याशिवाय कोणताही माल वापरात घेतला जाणार नाही’ हे धोरण झाले. गेटवर आलेला माल कोणाकडून कोणाकडे जातो, कोण कधी थांबवतो, हे सांगणारी ती कार्यपद्धती, म्हणजे कारखान्यात जिला सर्रास एसओपी म्हणतात ती. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनाने, व्यास नेमका कुठे आणि कसा मोजायचा, ही कामाची सूचना. आणि मोजमाप ज्या कागदावर लिहायचे तो नमुना, म्हणजे फॉर्म. भरलेला फॉर्म ही नोंद होते आणि कोरा फॉर्म हा दस्तऐवज असतो, हा एक फरक मात्र ठासून सांगावा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. सुधारणा कोऱ्या फॉर्ममध्ये करता येते, पण भरलेल्यात करू नये. याहून अधिक वर्गीकरण फळ्यावर मांडले की सहभागी आपला कागद कोणत्या कप्प्यात बसतो यावर वाद घालू लागतात आणि लिहिणे बाजूला राहते.

किती जणांना बोलवावे?

बारा. सोळापर्यंत चालते, पण संख्या सम असावी, कारण सगळे काम जोड्यांनी होते. वीसच्या पुढे गेलात तर ती सभा होते. व्यवस्थापनाला मात्र एकाच खर्चात चाळीस जण बसवायचे असतात. तसा आग्रह असेल तर कार्यशाळेचे नाव बदलून तिला व्याख्यान म्हणावे, म्हणजे निदान अपेक्षा तरी योग्य राहतील.

कोणाला बोलवावे?

जो काम करतो त्याला. हे उघड वाटते, तरीही प्रत्यक्षात गुणवत्ता विभागातील एक तरुण अभियंता सगळ्या विभागांच्या कार्यपद्धती एका संगणकावर बसून लिहितो आणि कार्यशाळेलाही त्यालाच पाठवले जाते. त्याला बोलवावे, पण तो विचारणारा म्हणून यावा. सांगणारा म्हणजे स्टोअरकीपर, डिस्पॅचचा माणूस, बिले करणारी लेखनिक, रात्रपाळीचा सुपरवायझर. एखादा चांगला कारागीर ‘मला लिहायला जमत नाही’ म्हणून मागे राहतो. त्याला हे स्पष्ट सांगावे की त्याने लिहायचे नसून बोलायचे आहे, आणि लिहिण्याचे काम जोडीदाराचे आहे.

लिहिणारा आणि काम करणारा वेगळे का? ज्याचे काम त्यानेच लिहिले तर अधिक अचूक होणार नाही का?

होत नाही, आणि याचे कारण माणूस आळशी असतो हे नाही. वीस वर्षे एकच काम केलेल्या माणसाला आपण काय काय करतो हे दिसेनासे झालेले असते. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतो हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. तो लिहायला बसला की ‘माल तपासून आत घेणे’ असे चार शब्द लिहितो आणि त्याच्या दृष्टीने त्यात सगळे आलेले असते. समोर अनोळखी माणूस असेल तर तो ‘तपासून म्हणजे काय बघता?’ असे विचारतो, आणि मग गोष्टी बाहेर येऊ लागतात. म्हणून जोडी शक्यतो वेगवेगळ्या विभागांतील असावी. स्टोअरच्या माणसाला स्टोअरचाच माणूस प्रश्न विचारू लागला तर दोघेही एकमेकांकडे पाहून मान डोलावतात आणि कागद कोरा राहतो.

सहभागींकडून आधी काय तयारी करून घ्यावी?

आठवडाभर आधी प्रत्येकाला एक काम निवडायला सांगावे आणि ते काम निवडताना त्याची सुरुवात आणि शेवट एकेका वाक्यात लिहून पाठवायला सांगावे. ‘खरेदी’ हे काम नव्हे, तो विभाग आहे. ‘मालाची गाडी गेटवर येते’ इथपासून ‘माल रॅकवर लागतो आणि जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) प्रत लेखा विभागाला जाते’ इथपर्यंत, हे एका दिवसात लिहून होण्याजोगे काम आहे. सुरुवात आणि शेवट पक्के नसले की मसुदा वाढत वाढत पुरवठादार निवडण्यापर्यंत मागे जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या कामात वापरले जाणारे खरे कागद आणावेत: भरलेले चलन, खाडाखोड झालेले गेट रजिस्टर, मागे पेन्सिलने आकडेमोड केलेला तपासणी अहवाल. कोरे फॉर्म आणले तर त्यातून काही कळत नाही. रजिस्टरच्या समासात जे लिहिलेले असते तीच खरी कार्यपद्धती असते. कोणत्याही स्टोअरचे इनवर्ड रजिस्टर उघडून पाहावे, छापील रकान्यांत न मावलेली माहिती ‘शेरा’ या रकान्यात कोंबलेली सापडेल. एकाच प्रकारचा शेरा दहा ठिकाणी दिसला, तर फॉर्ममध्ये एक रकाना कमी आहे असे समजावे.

एक दिवस पुरतो का, की दोन दिवस ठेवावेत?

दीड दिवस, आणि मध्ये आठवड्याचे अंतर. सलग दोन दिवस ठेवल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मे सहभागी ‘माल अडकलाय’ म्हणून गायब होतात, आणि ते खोटेही बोलत नसतात. शिवाय मसुदा प्रत्यक्ष कामात आठवडाभर वापरल्यानंतर ज्या दुरुस्त्या सुचतात त्या कोणत्याही प्रशिक्षकाला सुचणार नाहीत.

पहिल्या दिवसाची आखणी मी अशी ठेवतो. साडेनऊला सुरुवात आणि सव्वादहापर्यंत प्रशिक्षकाचे बोलणे पूर्ण. सव्वादहापासून पाऊण वाजेपर्यंत जोड्यांमध्ये काम: पस्तीस मिनिटे एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने सांगायचे, पुढची चाळीस मिनिटे मसुदा लिहायचा, आणि मग भूमिका बदलून तेच पुन्हा. जेवणानंतर दीड ते साडेतीन या दोन तासांत प्रत्येक मसुदा दुसऱ्या जोडीने वापरून पाहायचा. चहानंतर उरलेली दुरुस्ती, स्वच्छ प्रत आणि विभागप्रमुखाची सही. जेवणानंतरची वेळ व्याख्यानाला कधीही देऊ नये, हे अनुभवी प्रशिक्षकांना सांगायची गरज नाही. त्या वेळेत माणसे उभी असावीत.

सुरुवातीला ‘चहा कसा करावा ते लिहा’ हा सराव द्यावा का?

हा सराव लोकप्रिय आहे, आणि माझ्या मते टाळण्याजोगा आहे. सगळे हसतात, कोणी ‘गॅस पेटवायचे लिहिलेच नाही’ म्हणून दाखवतो, वातावरण मोकळे होते हे खरे. पण त्यातून सहभागी असा निष्कर्ष काढतात की कार्यपद्धती म्हणजे प्रत्येक बारीक हालचाल लिहिणे, आणि दुपारी ‘कपाट उघडणे, फाइल काढणे, कपाट बंद करणे’ अशा ओळींनी भरलेले मसुदे तयार होतात. कोणती पायरी लिहायची आणि कोणती वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडायची, हा निर्णयच खरा शिकायचा असतो, आणि तो चहात शिकता येत नाही, कारण चहा चुकला तर कोणाचे नुकसान होत नाही. त्यापेक्षा त्याच कारखान्यातील एखाद्या चुकीपासून सुरुवात करावी: परत आलेला माल, चुकीच्या पत्त्यावर गेलेली गाडी, दोनदा दिले गेलेले बिल. माणसांची नावे न घेता ती चूक फळ्यावर मांडावी आणि कोणते वाक्य कुठे लिहिलेले असते तर ती झाली नसती, एवढाच प्रश्न विचारावा.

माणसाच्या हातात असलेले कौशल्य शब्दांत कसे आणावे?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांना नवशिके कामगार झटपट तयार करायचे होते, तेव्हा १९४० साली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम सुरू झाला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि तिथे चांगलाच रुजला. त्यातील एक साधा तक्ता आजही सर्वाधिक उपयोगी पडतो. त्याच्या आज प्रचलित असलेल्या रूपात तीन रकाने असतात: पहिल्यात मुख्य पायरी, दुसऱ्यात त्या पायरीतील मर्माचा मुद्दा, आणि तिसऱ्यात त्या मर्माचे कारण. विचारणाऱ्याने पहिला रकाना भरेपर्यंत मध्ये बोलू नये. तो भरल्यावर एकेका पायरीकडे बोट दाखवून ‘नवा माणूस इथे काय चुकेल?’ असे विचारावे. ‘तुम्ही कसे करता?’ या प्रश्नाला उत्तर ‘नेहमीसारखे’ असे येते, तर ‘नवा काय चुकेल?’ या प्रश्नावर माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो.

तिसरा रकाना, म्हणजे कारण, बहुतेक मसुद्यांतून जागेअभावी काढून टाकला जातो. ही मोठी चूक आहे. कारण लिहिलेले नसेल तर घाईच्या दिवशी ती पायरी पहिली गळते. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र अनेकांनी शाळेत वाचलेले असते. त्यात रात्री दिवे तसेच जळत ठेवू नका एवढेच सांगून महाराज थांबत नाहीत. उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, वैरण गेली की घोडी मरतील, इथपर्यंत साखळी उलगडून दाखवतात. आग लावणारा उंदीर डोळ्यांसमोर आला की दिवा विझवायला आठवण करून द्यावी लागत नाही. कार्यशाळेत हे उदाहरण मी दोन मिनिटांत सांगतो, आणि दुपारपर्यंत सहभागी एकमेकांना ‘यातला उंदीर कुठे आहे?’ असे विचारू लागलेले असतात.

मराठी वाक्यरचना कशी असावी? ‘करणे’, ‘करावे’, ‘करा’ की ‘केले जाते’?

हा प्रश्न व्याकरणाचा वाटतो, पण त्यावर मसुद्याचा उपयोग अवलंबून असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शासकीय पत्रव्यवहाराच्या सवयीमुळे आपल्या हातून ‘मालाची तपासणी करण्यात यावी’ अशी वाक्ये सहज उतरतात. या वाक्यात सगळे आहे, फक्त माणूस नाही. तपासणी कोणी करायची? स्टोअरने की गुणवत्ता विभागाने? वाद झाला की दोघेही हेच वाक्य दाखवून आपली सुटका करून घेतात. ‘तपासणी केली जाते’ यात तोच दोष आहे, शिवाय ते आज्ञा आहे की वर्णन, हेही कळत नाही. ‘तपासणी करणे’ हे रूप यादीत सुटसुटीत दिसते आणि अनेक कारखान्यांत तेच रूढ आहे, पण त्यातही कर्ता गळतो. हे रूप वापरायचेच असेल तर शेजारी ‘कोणी’ हा स्वतंत्र रकाना असायलाच हवा.

माझी शिफारस अशी, की जिथे एकाहून अधिक माणसे गुंतलेली आहेत तिथे पदनामाने सुरू होणारे साधे वर्तमानकाळी वाक्य लिहावे: ‘स्टोअरकीपर चलनावरील नग मोजतो. नग कमी भरले तर तो चालकासमोर चलनाच्या तिन्ही प्रतींवर कमी संख्या लिहितो आणि चालकाची सही घेतो.’ जिथे एकच माणूस यंत्रासमोर उभा राहून वाचणार आहे तिथे सरळ ‘करा’ असावे. एका मसुद्यात दोन्ही मिसळू नयेत.

यानंतर शब्दांचा प्रश्न येतो. ‘योग्य ती कार्यवाही’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘तातडीने’, ‘संबंधितांना’ आणि ‘वेळोवेळी’ हे पाच शब्द मी फळ्याच्या कोपऱ्यात दिवसभर लिहून ठेवतो आणि मसुद्यात सापडला की त्या जागी आकडा किंवा पदनाम लिहायला लावतो. ‘तातडीने कळवावे’ याऐवजी ‘अर्ध्या तासात खरेदी विभागाला फोन करावा’ असे लिहिताना लिहिणारा थांबतो, कारण आता त्याला अर्धा तास की दोन तास हे ठरवावे लागते. ते ठरवणे म्हणजेच कार्यपद्धती लिहिणे.

शब्द मात्र कारखान्यातलेच ठेवावेत. डिस्पॅचला ‘प्रेषण’ आणि बिन कार्डला ‘साठा पत्रक’ म्हटल्याने कागद भारदस्त होतो, पण तो कोणाला कळत नाही. कागदावर ‘साठा पत्रक’ आणि रॅकला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर ‘बिन कार्ड’, अशी दोन नावे एकाच वस्तूला पडली की नवा माणूस दोन वस्तू शोधत बसतो. यंत्रावरील कामगार उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेले असतील तर त्यांच्यासाठीची सूचना हिंदीत आणि छायाचित्रांसह करावी. त्यात भाषेचा अपमान वगैरे काही नाही. मूळ प्रत एकच असावी आणि भाषांतर झालेल्या प्रतीवर मूळ प्रतीचा आवृत्ती क्रमांक असावा, एवढी काळजी पुरेशी आहे.

फ्लोचार्ट काढावा की वाक्ये लिहावीत?

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रियेचे तक्ते मांडले, तेव्हापासून चौकटी आणि बाणांचे हे तंत्र वापरात आहे. आज बीपीएमएनसारखी काटेकोर चिन्हपद्धतीही उपलब्ध आहे. जिथे निर्णयाचे फाटे आहेत, म्हणजे माल पास झाला तर इकडे, नापास झाला तर तिकडे, किरकोळ दोष मान्य करून घ्यायचा असेल तर तिसरीकडे, तिथे चित्र उपयोगी. सरळ रेषेत जाणाऱ्या कामाचा फ्लोचार्ट म्हणजे एकाखाली एक रचलेले डबे, त्यापेक्षा क्रमांक घातलेली वाक्ये बरी. बीपीएमएन एका दिवसाच्या कार्यशाळेत शिकवू नये. भिंतीवर ब्राउन पेपर आणि चिकटणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या की काम भागते, कारण चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावता येते. संगणकावर काढलेले चित्र पहिल्या तासातच पूर्ण झाल्यासारखे दिसते आणि मग त्याला कोणी हात लावत नाही.

मसुदा ‘वापरून पाहणे’ म्हणजे नेमके काय करायचे?

ज्याने ते काम कधीही केलेले नाही अशा माणसाने तो कागद हातात घेऊन खऱ्या वस्तूंवर काम करायचे, आणि ज्याचे काम आहे त्याने शेजारी उभे राहून गप्प बसायचे. हे गप्प बसणे सर्वांत अवघड असते. त्यासाठी त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्यावी आणि जिथे बोलावेसे वाटेल तिथे मसुद्यातील ओळीचा क्रमांक लिहायला सांगावे. प्रत्येक क्रमांक म्हणजे एक राहिलेली गोष्ट.

भोसरीतील एका यंत्रकाम करणाऱ्या कारखान्यात घडलेला प्रसंग सांगतो. स्टोअरमध्ये स्टीलच्या गोल बारचे गठ्ठे येत. ईएन ८ आणि ईएन २४ या दोन ग्रेडचे बार शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून ग्रेडप्रमाणे टोकाला रंग लावण्याची पद्धत असते. कोणत्या ग्रेडला कोणता रंग, हे प्रत्येक कारखाना आपले आपण ठरवतो. तिथल्या जुन्या स्टोअरकीपर काकांच्या मसुद्यात ओळ होती: ‘बारच्या टोकाला ग्रेडप्रमाणे रंग लावणे.’ आम्ही हातभर लांबीचे चार तुकडे आणि रंगाचे दोन डबे आणून ठेवले होते. लेखा विभागातील एका ताईंनी मसुदा वाचला, ब्रश घेतला आणि नीटनेटकेपणाने प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके रंगवली. काकांनी आधी ओळीचा क्रमांक लिहिला, आणि मग न राहवून म्हणाले, ‘अहो ताई, एकच टोक! हीट नंबरचा पंच असतो तेच!’

हीट नंबर म्हणजे बार स्टीलच्या कोणत्या वितळणीतून आला हे सांगणारा क्रमांक, तो बारच्या टोकावर ठोकलेला असतो. ताईंनी विचारले, ‘का?’ काकांना क्षणभर उत्तर सुचले नाही. मग उलगडा झाला, की बँडसॉवर, म्हणजे कापणाऱ्या करवतीच्या यंत्रावर, बार नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापायचा असतो, म्हणजे रंग आणि हीट नंबर असलेला तुकडा शेवटपर्यंत उरतो आणि उरलेला माल ओळखता येतो. दोन्ही टोके रंगवली तर आज एका पाळीने एका बाजूने कापले आणि उद्या दुसऱ्या पाळीने दुसऱ्या बाजूने, की मधला तुकडा बेवारस होतो. चुकीच्या ग्रेडचा तुकडा वापरला गेला तर ते कळते थेट हीट ट्रीटमेंटनंतर, कडकपणा मिळत नाही तेव्हा, आणि तोवर त्याच्यावरचे सगळे यंत्रकाम वाया गेलेले असते. ताईंचा पुढचा प्रश्न तर त्याहून नेमका होता: ‘मग कुठल्या बाजूने कापायचे हे कटिंगवाल्याला कोण सांगते?’ काका तोंडी सांगत. बँडसॉजवळच्या सूचनेत त्याचा उल्लेखच नव्हता. एका ओळीच्या तीन ओळी झाल्या आणि दुसऱ्याच विभागाच्या कागदात चौथी वाढली. काका सुट्टीवर असत त्या दिवसांत काय होत असेल, हा विचार तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात आला असावा.

म्हणून या भागाला दोन तासांपेक्षा कमी वेळ देऊ नये: एका मसुद्याला चाळीस मिनिटे वापरून पाहायला आणि वीस मिनिटे दुरुस्तीला, आणि अशा दोन फेऱ्या. वेळ कमी पडत असेल तर सकाळचे प्रशिक्षकाचे बोलणे कापावे.

कायद्यातील किंवा दरातील बदलणारे आकडे मसुद्यात कसे लिहावेत?

ते वाक्यात लिहू नयेत. ई-इन्व्हॉइसचेच, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचेच, उदाहरण घ्यावे. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ते लागू झाले. नंतर मर्यादा १००, ५०, २० आणि १० कोटींवर येत येत ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. ज्यांनी बिलिंगच्या कार्यपद्धतीत हा आकडा पाच ठिकाणी लिहिला होता त्यांना तो प्रत्येक वेळी पाच ठिकाणी बदलावा लागला, आणि त्यांपैकी एक जागा हमखास राहिली. असे आकडे शेवटी एका वेगळ्या तक्त्यात ठेवावेत. त्याच्या डोक्यावर ‘शेवटची पडताळणी’ ही तारीख आणि पडताळणाऱ्याचे पदनाम असावे, आणि वाक्यात फक्त ‘तक्ता १ मधील मर्यादा’ असा उल्लेख असावा. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत येण्याची जीएसटीतील मुदतही त्याच तक्त्यात जावी, म्हणजे चलन करणाऱ्याला आणि पाठपुरावा करणाऱ्याला एकच कागद पाहावा लागतो.

आयएसओ ९००१ साठी किती कार्यपद्धती लिहाव्या लागतात?

गुणवत्ता व्यवस्थापनाच्या या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या २००८ च्या आवृत्तीत सहा लेखी कार्यपद्धती सक्तीच्या होत्या: दस्तऐवजांचे नियंत्रण, नोंदींचे नियंत्रण, अंतर्गत लेखापरीक्षण, सदोष मालाचे नियंत्रण, सुधारात्मक कृती आणि प्रतिबंधात्मक कृती. २०१५ च्या आवृत्तीत ही यादी काढून टाकली गेली आणि ‘दस्तऐवजीकृत माहिती’ असा व्यापक शब्द आला. कोणत्या कामासाठी किती लिहायचे हे संस्थेच्या आकारावर, कामाच्या गुंतागुंतीवर आणि माणसांच्या कुशलतेवर सोडले आहे. ही मोकळीक अनेकांना अजून खरी वाटत नाही, आणि ऑडिटरला दाखवण्यासाठी म्हणून जाडजूड फाइली भरल्या जातात. कार्यशाळेत ऑडिटरसाठी लिहू नये. जो कागद यंत्राजवळ तेलकट झालेला आहे तो ऑडिटमध्येही टिकतो.

‘माझे काम लिहून घेतले की माझी गरज संपेल’ या भीतीचे काय करावे?

ही भीती बोलून दाखवली जात नाही. ती ‘त्यात लिहिण्यासारखे काही नाही’ या वाक्यात लपलेली असते. ती निराधार आहे असे प्रशिक्षकाने सांगू नये, कारण त्याला ते माहीत नसते. मालकांनी किंवा कारखाना व्यवस्थापकांनी सुरुवातीला पाच मिनिटे येऊन या कागदांचा उपयोग कशासाठी होणार आहे हे स्वतः सांगावे आणि नंतर निघून जावे. ते दिवसभर बसले तर लोक जसे काम करतात तसे न सांगता, जसे करायला हवे तसे सांगतात, आणि तो मसुदा पहिल्याच दिवशी खोटा ठरतो. मसुद्यावर ‘लिहिणार’, ‘तपासणार’ आणि ‘मंजूर करणार’ यांच्या सह्यांबरोबर ‘माहिती देणार’ म्हणून त्या कामगाराचे नाव छापावे. वर सांगितलेल्या काकांनी त्या कागदाची एक प्रत घरी नेण्याची परवानगी मागितली होती.

ही कार्यशाळा ऑनलाइन घेता येईल का?

ज्यांचे सगळे काम संगणकावर चालते, म्हणजे टॅलीमध्ये नोंदी, बिलिंग, पगारपत्रक, त्यांच्यासाठी ऑनलाइन उत्तम, किंबहुना अधिक चांगली, कारण नवखा माणूस कोणते बटण शोधत भटकतो हे सर्वांना पडद्यावर दिसते. जिथे हात आणि वस्तू आहेत तिथे नाही.

एआयकडून मसुदा लिहून घेतला तर चालेल का?

वाक्ये नीट करण्यासाठी, शुद्धलेखन पाहण्यासाठी किंवा हिंदी भाषांतराचा पहिला खर्डा करण्यासाठी चालेल. मात्र तपासून घ्यावे. पहिला मसुदा त्याच्याकडून घेतल्यास कोणत्याही कारखान्याला लागू पडेल असा गुळगुळीत कागद मिळतो, आणि तो वाचायला इतका बरा वाटतो की कोणी प्रश्नच विचारत नाही. रंग पंच असलेल्या टोकालाच लावायचा हे त्यात येणार नाही, कारण ते काकांनी तोवर कोणालाही लिहून दिलेले नव्हते.

कार्यशाळेनंतर पाठपुरावा कसा ठेवावा?

आठवड्यानंतरच्या अर्ध्या दिवशी सर्वांनी आपापला वापरलेला कागद, त्यावरच्या खुणांसह, परत आणावा. स्वच्छ कोरा कागद परत आला तर तो वापरला गेला नाही असेच समजावे आणि तसे तोंडावर म्हणावे. दुरुस्त प्रतीवर आवृत्ती २ आणि तारीख घालून जुनी प्रत काढून घ्यावी. यात कसूर होते ती लॅमिनेट केलेल्या प्रतींची. फाइलमधली प्रत बदलते, भिंतीवरची तशीच राहते, आणि कामगार भिंतीवरचीच वाचतो. म्हणून प्रत किती ठिकाणी लावली आहे त्या जागांची यादी मसुद्याच्या शेवटच्या पानावर असावी, आणि लॅमिनेशन दुसऱ्या आवृत्तीनंतरच करावे.

महिनाभराने प्रशिक्षकाने न कळवता एक फेरी मारावी. विभागात जाऊन फाइल मागू नये. गेल्या पंधरा दिवसांत रुजू झालेला माणूस शोधावा आणि ‘हे काम तुम्हाला कोणी शिकवले?’ एवढे विचारावे. त्याने माणसाचे नाव सांगितले तर पुढचा प्रश्न विचारावा, की शिकवताना त्यांच्या हातात कागद होता का.